न कापलेली पट्टी

डॉक्टर पंडित म्हणाल्या, "महिनाभरात ऑपरेशन करून घ्या," आणि मी मनातल्या मनात त्या महिन्याचे दोन महिने केले.

मुद्दाम नाही केले. सवयच तशी होती. पुण्याच्या त्या हॉस्पिटलात टेबलाच्या अलीकडं आम्ही दोघं बसलो होतो. माझ्या बायकोच्या, कालिंदीच्या, मांडीवर तिची खाकी पिशवी होती. जंगलात जाताना न्यायची तीच पिशवी ती सगळीकडं न्यायची, लग्नकार्यालासुद्धा. तिच्या छातीतली गाठ लहान आहे, वेळेवर सापडली आहे, काढून टाकू आणि पुढचं पुढं बघू, असं डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं होतं. मी विचारलं, महिना म्हणजे लवकरात लवकर किती आणि उशिरात उशिरा किती? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. माणूस घाबरलाय, असं त्यांना वाटलं असणार.

"आज-उद्या धावपळ करायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "पण महिनाभरात."

बाहेर आल्यावर कालिंदीला हसू आलं. म्हणाली, "तुम्ही त्यांनाही तीन आकडे विचारलेत."

तीन आकडे विचारणं हाच माझा धंदा होता. साताऱ्याजवळच्या एका संशोधन संस्थेत मी नियोजन अधिकारी होतो. मी शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञांच्या कामाच्या तारखा ठरवणारा माणूस. संशोधनाचं काम विहीर खणण्यासारखं असतं. पाणी कधी लागेल ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पैसे देणाऱ्यांना तारीख लागते, जीप कुणाला कधी द्यायची ते ठरवावं लागतं, एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याचं सुरू होत नाही. म्हणून मी प्रत्येकाला विचारायचो, हे काम लवकरात लवकर किती आठवड्यांत होईल, साधारण कितीत होईल, आणि सगळंच बिनसलं तर कितीत. त्या तिन्हीवरून एक आकडा काढायचा आणि आलेखाच्या कागदाची तेवढी लांब पट्टी करायची. एका चौकटीचा एक आठवडा. माझ्या खोलीत भिंतभर फळा होता, त्यावर या पट्ट्या टाचणीनं लावलेल्या असत. वर्षाचं सगळं काम एका नजरेत दिसायचं.

आणि पट्टी लावण्याआधी मी ती कापायचो. समोर माणूस बसलेला असताना, त्याच्या देखत. माझं म्हणणं असं होतं की, माणूस आकडा सांगतो त्यात थोडं काम असतं आणि थोडी भीती असते. बोल लागू नये म्हणून तो दोन-चार आठवडे वर सांगतो. ती भीती काढून टाकायची. बरीच वर्षं या हिशेबानं कामं वेळेत झाली, त्यामुळं मला तो देवाचा नियम वाटायला लागला होता. संस्थेत मला सगळे कात्री म्हणत. तोंडावर शेडगे साहेब, माघारी कात्री.

मातीचं काम बघणारे फिरोज मुलाणी तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चहा पाजून शिकवत. पाच आठवडे हवे असतील तर आठ सांगायचे. कात्री तीन नेते, पाच आपल्याला राहतात. सगळ्यांचं भलं. हे ते माझ्यासमोरही सांगत. मीही हसायचो. त्यांनी वाढवायचं, मी कापायचं, आणि शेवटी जे उरायचं ते बहुधा बरोबर असायचं. खेळ होता तो एक प्रकारचा, आणि दोन्हीकडचे गडी नियम जाणून होते.

कालिंदी तो खेळ खेळायची नाही. ती वनस्पतींचं बघायची. डोंगर, झाडं, बिया. लग्नाआधीपासून आम्ही एकाच संस्थेत, पण घरी ऑफिस बोलायचं नाही आणि ऑफिसात घर बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं आणि ते पाळलंही होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं तसा नियम नसता तर घरातही फळाच टांगला गेला असता. बैठकीत ती मला साहेब म्हणायची, मी तिला मॅडम. मुलाणी तिला म्हणत, वहिनी, तुम्ही तरी जरा वाढवून सांगा, घरचा माणूस असून तुमचेच हाल. ती म्हणायची, मी खोटा आकडा देणार नाही.

नवरा बायकोला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिची पट्टी इतरांपेक्षा जास्त कापायचो. एकदा नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, पाहणीला तिनं तीन महिने मागितले. मी दोन दिले. तिला तीनच लागणार होते. शेवटचा एक डोंगर राहिला आणि अहवालात तिच्या नावापुढं 'अपूर्ण' असा शेरा आला. ती भांडली नाही. संध्याकाळी भाकऱ्या करताना पाठमोरी, एवढंच म्हणाली, "माझ्या आकड्यात भीती नसते. तुम्ही काम कापलंत."

घरी ऑफिसचं बोलायचं नाही हा नियम तिनं मोडला, तो तेवढाच. ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं होतं.

तर त्या दिवशी पुण्याहून परत येताना शिरवळच्या अलीकडं आम्ही चहाला थांबलो. गाठीबद्दल ती काही बोलली नाही. कारवीबद्दल बोलली. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. बाकीची वर्षं नुसती हिरवी काठ्यांची गर्दी, आणि मग एका भाद्रपदात डोंगरचा डोंगर जांभळा होतो. फुलली की बी धरते आणि मरते. मागच्या फुलोऱ्याच्या वेळी कालिंदीची आई अंथरुणावर होती, त्यामुळं तिला जाता आलं नव्हतं. फुलोऱ्यात कोणत्या माश्या येतात, किती येतात, आणि त्यावर बी किती धरतं, हे तिला मोजायचं होतं. सात वर्षं ती या भाद्रपदाची वाट बघत होती. पुढच्या वेळेपर्यंत ती निवृत्त झाली असती.

"वरच्या अंगाला कळ्या धरल्यात," ती म्हणाली. "पंधरवड्यात उमलेल."

मी विचारलं, किती दिवसांचं काम आहे? तिनं कपातला चहा उगाच फिरवला. मग म्हणाली, "उद्या बैठकीत सांगते की. घरी ऑफिस नको."

मी हसलो. मला वाटलं, बाई खंबीर आहे. हे संकटही ती रोजच्यासारखंच घेणार.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. तिच्या दुखण्याचं कुणालाच माहीत नव्हतं. सांगायचं नाही असं तिचंच म्हणणं होतं. लोक मग माझ्याकडं बघत नाहीत, गाठीकडं बघतात, असं ती म्हणाली होती. मुलाणी होते, आणखी दोघं होते. मुलाण्यांनी आपला आकडा सांगितला, मी कापला, ते कपाळावर हात मारून हसले. मग कालिंदीची पाळी आली. मी विचारलं, मॅडम, कारवीच्या कामाला उंबरवाडीच्या डोंगरात किती आठवडे?

ती फळ्याकडं बघत होती. माझ्याकडं नाही.

"आठ," ती म्हणाली.

मी आठ चौकटींची पट्टी मोजून घेतली आणि कात्री उचलली. सगळे बघत होते. आणि मी थांबलो. त्या चार-सहा क्षणांत मी काय हिशेब केला तो मला आजही अक्षरन् अक्षर आठवतो. डॉक्टरांनी महिना म्हटलंय. डॉक्टरसुद्धा माणूसच. उद्या काही झालं तर बोल लागू नये म्हणून तेही अलीकडचंच सांगणार. त्या महिन्यात त्यांची भीती आहे, ती काढली तर दोन महिने सहज निघतात. आणि कालिंदीच्या आकड्यात भीती कधी नसते. ती आठ म्हणते म्हणजे आठच. नेच्यांच्या वेळी मी तिचं काम कापलं. या वेळी नाही कापणार. सात वर्षं थांबलीय ती.

मी कात्री खाली ठेवली आणि अख्खी पट्टी फळ्यावर लावली.

"अरे वा," मुलाणी म्हणाले, "कात्री गंजली वाटतं."

सगळे हसले. कालिंदी हसली नाही. मला वाटलं, तिला भरून आलं असेल.

बैठक संपल्यावर ती पेन विसरलं म्हणून परत आली. फळ्यासमोर उभी राहिली. तिनं त्या पट्टीवरून बोट फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेलं.

"तशीच लावलीत?" तिनं विचारलं.

"तुझा आकडा आहे," मी म्हणालो. "तुझा आकडा खरा असतो."

ती "बरं," म्हणाली आणि पेन घेऊन गेली. पेन आधीपासून तिच्या हातातच होतं, हे मला फार नंतर आठवलं.

हॉस्पिटलला फोन करून मी तारीख दसऱ्यानंतरची घेतली. दोन दिवसांनी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. इतकं लांबवू नका, त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की, सात वर्षांतून एकदा येणारं काम आहे, तिची स्वतःची इच्छा आहे, आणि आम्ही सगळं विचारपूर्वक ठरवलं आहे. विचारपूर्वक हा शब्द मी वापरला. पेशंटशी बोलू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ती डोंगरावर असते, तिथं फोन लागत नाही. ते खरंही होतं.

उंबरवाडीत शाळेच्या जुन्या खोलीत तिचा मुक्काम होता. बरोबर दोन विद्यार्थी होते. दर रविवारी मी जायचो. घरून दशम्या, लसणाची चटणी, तिची वर्तमानपत्रं घेऊन. कारवी फुलली होती. मला फुलांचं वर्णन करता येत नाही. एवढंच सांगतो की, पहिल्या रविवारी वळणावर जीप थांबवून ड्रायव्हर आणि मी दोघंही खाली उतरलो आणि बराच वेळ कुणी कुणाला चला म्हणालं नाही. उतार जांभळे झाले होते आणि सगळीकडून माश्यांचा आवाज येत होता, पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसा.

कालिंदी उतारावर छत्री लावून बसलेली असायची. समोर काठ्यांची चौकट. त्या चौकटीत किती माश्या येतात ते ती मोजायची, मुलं लिहून घ्यायची. मी गेलो की ती हातानं थांबा म्हणायची, मोजणी संपली की मग बोलायची. अंगानं बरी दिसायची. उन्हानं रापली होती. दुखतंय का, असं मी प्रत्येक वेळी विचारायचो. ती म्हणायची, नाही. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तिनं विचारलं, डॉक्टरांचा फोन आला होता का? मी म्हणालो, आला होता, मी सांगितलंय त्यांना, ठरल्याप्रमाणे होईल, तू त्याची काळजी करू नकोस. तिनं मान हलवली.

पाचव्या रविवारी गेलो तेव्हा ती छत्रीखाली नव्हती. खोलीत बसली होती, कागद एकत्र बांधत होती. फुलं अजून होती, पण उतारावर मधेमधे तपकिरी दिसायला लागलं होतं. ती म्हणाली, "आता झालंच म्हणायचं. मुख्य भर ओसरला. उरलेलं बी मोजायचं काम ही पोरं करतील."

मी म्हणालो, "अजून तीन आठवडे आहेत तुझे. पुरे कर की. कुणी घाई करत नाहीये."

"तसं अडत नाही माझ्यावाचून."

"अगं, मी लावलेत तसे. सात वर्षं थांबलीस आणि आता शेवटचं दुसऱ्याच्या हातात देणार? नेच्यांसारखं नको व्हायला."

त्या क्षणी मी स्वतःवर फार खूष होतो. जन्मभर जिची पट्टी कापली, तिला मी उठून वेळ देत होतो, तीही न मागता. कालिंदीनं माझ्याकडं पाहिलं. रविवारच्या जीपनं खाली यायला तिची पिशवी भरलेली होती, ती मला कोपऱ्यात दिसत होती. मला वाटलं, कपडे धुवायला द्यायचे असतील.

"हो का," ती म्हणाली. मग तिनं कागदांची दोरी सोडली. "बरं. राहते मग."

दसरा झाला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला आत बोलावलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजलं. वाटलं होतं त्यापेक्षा पुढं गेलंय, त्या म्हणाल्या, काखेतही आहे. पुढची औषधं, पुढच्या तपासण्या, सगळं त्यांनी सांगितलं. ऐकून घेतल्यावर मी विचारलं, आधी आलो असतो तर?

"ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "काहींच्या बाबतीत आधीच पसरलेलं असतं. खरंच सांगता येत नाही."

मी उठलो नाही. मी विचारलं, तुम्ही महिना म्हणालात, त्यात थोडं हातचं राखलेलं होतं ना? त्यांना माझा प्रश्न समजलाच नाही. मी पुन्हा समजावून विचारलं.

"शेडगे," त्या म्हणाल्या, "महिना म्हणजे महिना."

हिवाळा औषधांत गेला. फाल्गुनात कालिंदी घरी पडून होती. खिडकीजवळ पलंग लावला होता. मुलाणी उंबरवाडीला गेले होते, ते तिच्यासाठी वाळलेल्या कारवीच्या फांद्या घेऊन आले. बोंडं धरलेल्या. फुलदाणी नव्हती म्हणून मी त्या तांब्यात घातल्या आणि खिडकीत ठेवल्या. कारवीच्या बोंडांना ओल लागली की ती उकलतात, तडतडून बी लांब उडवतात. मला ते माहीत नव्हतं. मी ओल्या फडक्यानं खिडकी पुसत होतो, फडकं फांद्यांना लागलं असावं. थोड्या वेळानं टक् असा आवाज झाला आणि बी येऊन कालिंदीच्या पांघरुणावर पडलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग आणखी एक टक् झालं.

मी बी उचलून तिच्या हातात दिलं. ती ते बोटांत फिरवत राहिली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "घरी ऑफिस काढते आहे."

मी म्हणालो, सांग.

"मला पाचच लागणार होते."

मला आधी काही कळेना. मग कळलं.

"एकदाच मुलाण्यांचं ऐकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही कापाल."

खिडकीत पुन्हा काही तडतडलं. मी ते फडकं हातात धरून उभा होतो.

"पाच दिले असते तरी चाललं असतं," ती पुढं म्हणाली, अगदी सावकाश, दम घेत घेत. "खरं म्हणजे आठ ऐकल्यावर तुम्ही चिडाल असंच वाटलं होतं. म्हणाल, आधी ऑपरेशन, कारवी गेली खड्ड्यात. सगळ्यांसमोर म्हणाल. मी भांडले असते तुमच्याशी. पण ऑपरेशनला गेले असते."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "परत आली होतीस ना खोलीत. पेन घ्यायला."

"सांगायलाच आले होते."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, तुझा आकडा खरा असतो." ती थांबली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालात. आता तो खोटा आहे, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

मी पलंगावर तिच्या पायाशी बसलो. पाचव्या रविवारची ती भरलेली पिशवी माझ्या डोळ्यांपुढं आली. ती म्हणाली, असे बसू नका, तुम्हाला सांगायचं राहून गेलं असतं तर मला बरं वाटलं नसतं, म्हणून सांगितलं. मग म्हणाली, मुलाण्यांना कळू देऊ नका. बिचारा आपल्यावर जीव टाकतो.

वैशाखात ती गेली.

संस्थेत शोकसभा झाली. मुलाणी बोलायला उभे राहिले. मी समोरच्या रांगेत बसलो होतो. त्यांनी पट्टीची गोष्ट सांगितली. आपले शेडगे साहेब, जन्मभर सगळ्यांच्या पट्ट्या कापल्या, सख्ख्या बायकोचीही सोडली नाही. पण वहिनींच्या शेवटच्या कामाला त्यांनी कात्री खाली ठेवली. मी डोळ्यांनी बघितलंय. याला म्हणतात प्रेम. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. लोक येऊन माझा हात हातात घेत होते आणि मी घेऊ देत होतो.

तेव्हापासून ती गोष्ट संस्थेत रुजली. नव्या माणसाला मुलाणी चहा पाजून पहिली गोष्ट सांगत ती कात्रीची, आणि दुसरी ही. मी एकदाही त्यांना अडवलं नाही. मी लवकर निवृत्ती घेतली. मुलाणी महिन्यातून एकदा घरी येत, येताना शेवया नाहीतर केळी घेऊन. ते समोर बसले की बऱ्याचदा तोंडाशी यायचं. मग 'मुलाण्यांना कळू देऊ नका' हे तिचं वाक्य आठवायचं आणि मी चहा ठेवायला आत जायचो.

यंदा कारवी पुन्हा फुलली. मुलाणीही आता निवृत्त झालेत. एका सकाळी ते गाडी घेऊन दारात उभे. चला साहेब, उंबरवाडीला, नाही म्हणू नका. मी नाही म्हणणार होतो. पण त्यांनी माझी चप्पलच पुढं करून ठेवली.

शाळेची ती खोली आता संस्थेनं दुरुस्त केलीय. कालिंदीच्या जागेवर प्राची सपकाळ नावाची मुलगी काम करते. हुशार आहे, मॅडमचं नाव फार आदरानं घेते. तिनं आम्हाला चहा दिला. फळा आता नाही, सगळं संगणकावर असतं, पण आकडे माणसांनाच विचारावे लागतात. ती म्हणाली, सर, एक अडचण आहे. आमच्या नव्या साहेबांना फुलोऱ्याच्या कामाला पाच आठवडे पुरतील असं वाटतं, पण मागच्या वेळच्या नोंदीत मॅडमचे आठ आहेत, आणि मॅडमचा आकडा नेहमी खरा असायचा असं सगळेच सांगतात, म्हणून आम्ही आठच धरलेत. बरोबर आहे ना?

मी काही बोलायच्या आधीच मुलाण्यांनी गोष्ट सुरू केली. त्या आठांची तर गंमतच आहे बाळ, ते म्हणाले. त्या दिवशी साहेबांनी कात्री उचलली, आणि—

"पाच," मी म्हणालो.

प्राची माझ्याकडं बघायला लागली. "पण सर, आठ..."

"पाचच लागतात. मुख्य भर पाचात ओसरतो. पुढचं बी मोजायचं काम विद्यार्थी करू शकतात."

"मग वरचे तीन कशासाठी होते?"

"ते धरू नका," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि संगणकात काहीतरी बदललं. मुलाण्यांच्या हातातला कप तसाच राहिला होता. बाहेर उतार जांभळे होते आणि तोच आवाज येत होता. आम्ही थोडं फिरलो. छत्री लावून बसायची तिची जागा मला सापडली, पण मी मुलाण्यांना दाखवली नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी बराच वेळ रेडिओही लावला नाही. वळणावर, जिथं पूर्वी मी आणि ड्रायव्हर उतरलो होतो तिथं, त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"साहेब," ते समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "पाचाचे आठ करायला मीच शिकवत होतो सगळ्यांना. वहिनींनी ते आठ... माझं ऐकून सांगितले होते का?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. स्टिअरिंगवर ठेवलेले त्यांचे हात म्हातारे दिसत होते.

"नाही," मी म्हणालो. "तिला आठच हवे होते. तिचा स्वतःचा आकडा होता तो."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं किल्ली फिरवली आणि गाडी उताराला लावली. माझं बोलणं त्यांनी तसंच घेतलं, की त्यातलं काही कापलं, ते मला कळलं नाही.